निर्भय गुरुजी आणि घुंगुरवाडीच्या बारा गाड्या

परळी वैजनाथ,
श्रावण, सन २००८

ती. दाजींच्या चरणी केदारनाथचे शरणार्थ.

तुमची तब्येत कशी आहे हे विचारायचं माझं धाडस होत नाही. मागच्या खेपेला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात की, तब्येतीला काही व्हायला मी काय केदारनाथ हाय? तरीपण रीत म्हणून विचारतो. अक्काचे गुडघे कसे आहेत? वीरेशच्या बायकोला बीडचं पाणी मानवलं का? इकडं आम्ही सगळे वैजनाथाच्या कृपेनं बरे आहोत. म्हणजे प्रणिता बरी आहे, शिवांजली कॉलेजला जाते, दुकानात भांडी आहेत, भांड्यांवर नेहमीप्रमाणे थर्मल वीजकेंद्राची राख आहे. मी तेवढा बरा नाही. मला रात्रीची झोप नाही आणि दिवसा दुकानात एखादी पळी खाली पडली तरी मी गल्ल्यावरून उठून उभा राहतो. परवा एका गिऱ्हाइकानं नुसतं "मालक, जरा बाहेर या" म्हटलं तर मी मागच्या दारानं बाहेर पडलो. (त्या बिचाऱ्याला पातेल्याचा रंग उजेडात बघायचा होता.)

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण दाजी, खरं सांगतो, फोनवर तुमचा तो "हं" ऐकला की मी 'बरं बरं' म्हणून फोन ठेवून देतो. तुमच्या लग्नात तुम्ही मला पहिल्यांदा "हं" म्हणाला होतात, तेव्हापासूनचं हे आहे. पत्रात निदान मी बोलत असताना तुम्ही बोलू शकत नाही. तेव्हा हे पत्र शेवटपर्यंत वाचा, मधेच फाडू नका, आणि वाचताना अक्काला जवळ बसवा.

तर झालं असं. गेल्या वर्षी बिलं काढायला म्हणून दुकानात कॉम्प्युटर घेतला हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तुम्ही तेव्हाही "हं" म्हणाला होतात.) बिलं अजून आम्ही हातानंच काढतो, कारण गिऱ्हाइकाला छापील बिल दिलं की ते घासाघीस करायला दुप्पट उत्साहानं उभं राहतं. पण शिवांजलीनं त्याला इंटरनेट जोडून घेतलं आणि मला 'गावकोश' नावाची एक जागा दाखवली. हा कोश कुणा एका पंडितानं लिहिलेला नाही. ज्याला आपल्या गावाची माहिती असेल त्यानं यावं, लिहावं, दुसऱ्यानं चुकलं तर दुरुस्त करावं, आणि असं करत करत महाराष्ट्रातल्या सगळ्या गावांची माहिती जमवावी असा हा मामला. पैसे कुणाला मिळत नाहीत. मीही परळीबद्दल चार ओळी लिहिल्या. लिहिल्या म्हणजे काय, तर रेल्वे स्टेशन आहे, साखर कारखाना आहे, वैजनाथाचं देऊळ आहे, म्हणजे ज्यावर कुणीही भांडणार नाही असंच सगळं लिहिलं. थर्मलमध्ये वीज तयार होते हे लिहीत होतो तेवढ्यात लाईट गेली, म्हणून ते वाक्य राहिलं.

तिथं आपल्याला एक टोपणनाव घ्यावं लागतं. मी देवळाकडं गेलो असताना शिवांजलीनं माझं नाव घालून टाकलं ते 'निर्भय'. मी म्हटलं, अगं हे बदल, लोक हसतील. ती म्हणाली, पप्पा, तिथं तुम्हाला कोण ओळखतंय? तिचं बरोबर होतं. ओळखत नाही हेच वाईट झालं. कारण दोन महिन्यांनी पुण्याहून कोशाच्या व्यवस्थापकांचं पत्र आलं, की नवीन सभासद फार येत आहेत, त्यांना लिहायला शिकवणारे मार्गदर्शक हवेत, आपल्यासारख्या निर्भय माणसानं पुढं यावं. नाही म्हणावं असं मनात आलं. पण पुण्याच्या माणसाला लेखी नाही कसं म्हणायचं? त्यांना राग आला तर? म्हणून मी हो म्हटलं. मी आयुष्यात जी जी धाडसाची कामं केली ती सगळी नाही म्हणायच्या भीतीपोटी केलेली आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (बँकेचा जामीनही त्यातलाच.)

मार्गदर्शकाचं काम तसं सोपं. नवा माणूस येतो, बिचकतो, आपण म्हणायचं, या, बिनधास्त लिहा, चुकलं तरी बिघडत नाही, मागं फिरवता येतं. दुसऱ्याला बिनधास्त राहायला सांगायला मला काही अडचण नव्हती. माझ्या वाट्याला पहिलाच शिष्य आला तो लखन. पालीच्या पुढं, बिंदुसरा धरणाच्या अंगाला घुंगुरवाडी म्हणून एक लहान गाव आहे, तिथल्या हरिबा धनगराचा हा मुलगा. मेंढरं आहेत, थोडी शेती आहे, आणि आठवड्याच्या बाजाराला बीडला आला की स्टँडजवळच्या नेट कॅफेत बसून तो मला लिहितो. पोरगं गुणी. मला 'गुर्जी' म्हणतं. मेंढरांच्या जातींवर त्यानं असं काही लिहिलं की पुण्याची माणसं सुद्धा वाहवा म्हणाली. मग मीच त्याला म्हटलं, लखन, आता आपल्या गावाचं पान लिही, बिनधास्त लिही.

त्यानं बिनधास्त लिहिलं. घुंगुरवाडीत चंपाषष्ठीला खंडोबाची यात्रा भरते. त्या दिवशी बारा बैलगाड्या एकापुढं एक बांधतात, बैल सोडतात, गाड्यांवर माणसं चढून बसतात, आणि अंगभर भंडारा लावलेला एकच माणूस कमरेला दोर बांधून त्या बाराही गाड्या ओढतो. लखननं लिहिलं की हा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराचा आहे. मी ते वाचून 'शाब्बास' असं लिहिलं. माझी चूक एवढीच. दाजी, 'शाब्बास' हा शब्द लेखी देऊ नये.

कारण दुसऱ्याच आठवड्यात माझ्याकडं दुसरा शिष्य आला, तो अर्जुनराव. त्याच घुंगुरवाडीचे माजी सरपंच, वय साठीच्या पुढं, सध्या बीडला मुलाकडं असतात आणि मुलाच्या कॉम्प्युटरवर लिहितात. ते मला गुरुजी म्हणत नाहीत. 'मार्गदर्शक साहेब, आपणांस कळविण्यात येते की' अशी त्यांची सुरुवात असते. त्यांनी कळवलं की सदर मान हा अर्जुनरावांच्या घराण्याचा असून सदर मजकूर खोडसाळ आहे. आता मी त्यांना काय सांगायला हवं होतं? सांगायला हवं होतं की लखनशी बोला. पण 'कळविण्यात येते' वाचूनच मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, म्हणून मी लिहिलं, आपल्यासारख्या ज्येष्ठांनी बिनधास्त दुरुस्त करावं. त्यांनी केलं. बाजाराच्या दिवशी लखननं पुन्हा बदललं आणि खाली लिहिलं, 'निर्भय गुर्जींनी शाब्बास म्हनलंय.' अर्जुनरावांनी पुन्हा बदललं आणि खाली लिहिलं, 'मा. निर्भय साहेबांच्या लेखी परवानगीने.'

पुढं तर लखन बाजाराची वाट बघेना, रोज बीडला यायला लागला. मेंढरं बापावर सोडून! बीडमध्ये भारनियमन भागवार असतं. स्टँडकडं लाईट असली की बारा गाड्या लखनच्या घरच्या, आणि ती जाऊन अर्जुनरावांच्या कॉलनीत आली की अर्जुनरावांच्या घरच्या. गावाचा इतिहास वीज मंडळाच्या हातात गेला. इकडं परळीत लाईट असली की मला दोघांचेही निरोप दिसायचे, म्हणून मी परळीत लाईट नसावी अशी प्रार्थना करू लागलो. (शेजारच्या गिरणीवाल्यानं ऐकलं. तो आता माझ्याशी बोलत नाही.) शिवांजली म्हणाली, पप्पा, तुम्ही मार्गदर्शक आहात ना, एकाला तरी चूक सांगा. मी म्हटलं, बाई गं, एकाला चूक सांगितलं तर एकच मारायला येतो, पण कोणता येईल ते सांगता येत नाही.

शेवटी मी नियमाच्या आडोशाला गेलो. कोशाचा नियमच आहे, की ज्या गोष्टीवर वाद आहे तिला संदर्भ द्यावा. म्हणजे पुस्तक, गॅझेट, वर्तमानपत्राचं कात्रण, असं काहीतरी. मला वाटलं, घुंगुरवाडीच्या बारा गाड्यांवर कोण पुस्तक लिहायला बसलंय? दोघंही गप्प होतील. म्हणून दोघांनाही एकच मजकूर पाठवला, की संदर्भ सादर करा, मग निर्णय होईल. लखननं विचारलं, गुर्जी, संदर्भ म्हंजी काय? पुस्तकाचं नाव काढलं तर पोरगं खट्टू होईल म्हणून मी घाबरत घाबरत सोपं करून लिहिलं, की ज्याला खरं माहीत आहे आणि ज्याच्यावर चार लोक विश्वास ठेवतील असं काहीतरी. दाजी, घुंगुरवाडीत असं 'काहीतरी' म्हणजे म्हातारं माणूस. पुस्तकाला तिथं कोण विचारतो? पुस्तक काय बेलभंडारा उचलून शपथ घेतं?

दोन्हीकडं बैठका बसल्या. ठरलं असं, की दोघांनीही आपापला संदर्भ निर्भय गुरुजींच्या पुढं समक्ष हजर करायचा, संदर्भानं गुरुजींच्या समोर बेलभंडारा उचलून शपथेवर सांगायचं, मग गुरुजी देतील तो निवाडा, आणि तोच कोशात आणि तोच यात्रेत. अर्जुनरावांचा संदर्भ म्हणजे सटवा नावाचा म्हातारा हलगीवाला, त्यानं पन्नास यात्रा वाजवल्या आहेत. लखनचा संदर्भ म्हणजे त्याची आजी छबुबाई. ज्याच्यापुढं खोटी शपथ घेतली जाते त्यालाही पाप लागतं का, हे दुकानात बसून सहज एका गिऱ्हाइकाला विचारून घेतलं. लागतं म्हणाला. जास्त लागतं म्हणाला.

आणि नुसते दोन संदर्भ येत नाहीत. संदर्भाला धरायला माणसं, माणसांच्या बरोबर भाऊबंद. दोन जीपा ठरल्या आहेत. लखननं मोठ्या अभिमानानं लिहिलं, "गुर्जी, तुमी फिकीर करू नका, आमी बी तयारीनं येतोय." मी विचारलं, कसली तयारी? तर उत्तर आलं, "आता काठ्या तर मेंढराच्या मागं असत्यातच की." येत्या श्रावणी सोमवारचा दिवस ठरला आहे. गुरुजी हजर नसले तर ते खोटे, आणि खोट्याला घुंगुरवाडीत काय करतात ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

इथपर्यंत माझी भीती नेहमीचीच होती. मार खायची, इभ्रत जायची, दुकानाच्या काचा फुटायची. पण परवा एक निराळंच झालं. लखननं माझा मोबाईल नंबर मागितला होता, तो अर्थातच मी दिला होता. फोन आला, तर तिकडून म्हातारीचा आवाज. स्वतः छबुबाई. मोबाईल तोंडापुढं धरून ओरडत होती, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच धरला असावा. म्हणाली, "निरभय का? आरं बाबा, गाडी अर्जुनरावाच्याच घरची व्हती. पैली गाडी त्येंचीच लागती, कोन न्हाई म्हंतंय? पर कंबर माझ्या मालकाची व्हती. म्या सोता दोर बांधलाय त्येंच्या कंबरंला, लुगड्याची घडी घालून, काचू नये म्हणून. चाळीस वर्स बांधलाय. आता समदी म्हंत्यात ते नव्हतेच. कावून रं नव्हते?"

मी काही बोललो नाही. म्हातारी पुढं म्हणाली, "येकदा लिवून ठिव बाबा. म्या गेल्यावर कोन सांगंल?" आणि फोन तसाच चालू ठेवून ती कुणाशी तरी मेंढराच्या पाण्याचं बोलायला लागली. मी बराच वेळ फोन कानाला लावून ऐकत होतो. दाजी, त्या वेळी मला जी भीती वाटली ती काठीची नव्हती. ह्या बाईचा नवरा होता की नव्हता हे माझ्यासारख्या भांडीवाल्याच्या 'शाब्बास'वर अवलंबून आहे, ह्याची ती भीती होती. मला रडूच आलं. प्रणिता म्हणाली, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, तीच तर गोष्ट आहे.

म्हणजे निवाडा माझ्याजवळ आहे. गाडी त्यांची, कंबर ह्यांची. दोघांचाही मान खरा. सटवा हलगीवाल्यालाही हेच ठाऊक असणार, पण त्याला अर्जुनरावांच्या ओसरीवर बसायचं असतं. फक्त हे एवढं वाक्य दोन जीपा माणसांच्या मधे उभं राहून बोलणार कोण? एकाची बाजू घेतली तर एकच मारतो, दोघांची घेतली तर दोघंही मारतात. त्याला माणूस पाहिजे तो छातीचा, आवाजाचा, ज्यानं नुसतं "हं" म्हटलं तरी समोरचा काठी खाली ठेवील असा. असा माणूस आपल्या नात्यात एकच आहे. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण स्तुती केली की त्यांना संशय येतो.

असो. बाकी सर्व क्षेम. पाऊसपाणी बेताचं. दुकानात पितळेच्या घागरींना आता कुणी विचारत नाही, सगळ्यांना स्टील पाहिजे. अक्काला तिळाची चटणी पाठवीन म्हटलं होतं ती प्रणितानं करून ठेवली आहे. थोरांना शरणार्थ, लहानांना आशीर्वाद.

आपला, आज तरी धडधाकट,
केदारनाथ

ता. क. दाजी, सोमवारी तुम्ही कुठं जाणार नाही ना? नाही, सहज विचारलं. त्याचं असं आहे, की श्रावणी सोमवारी परळीत पाय ठेवायला जागा नसते आणि छबुबाईला एवढ्या लांब जीपमध्ये बसवत नाही, असं लखन म्हणाला. बीड त्यांना जवळ पडतं. मी म्हटलं, मग बीडलाच ठेवू. तो म्हणाला, बीडला कुठं? आणि बीडमधला मला तोंडपाठ असलेला पत्ता एकच आहे. तेव्हा दोन्ही जीपा तुमच्या दारात येतील. साधारण जेवणाच्या आधी. हे वाचून तुम्ही उभे राहिला असाल तर कृपा करून बसा. म्हणूनच अक्काला जवळ बसवा म्हटलं होतं.

ता. क. आणखी एक. त्यांना तुम्हीच निर्भय गुरुजी वाटणार आहात. कोशावर मार्गदर्शकाला फोटो लावावा लागतो, नव्या माणसाला विश्वास वाटावा म्हणून. माझा फोटो लावून बघितला, पण विश्वास मलाच वाटेना. म्हणून वीरेशच्या लग्नातला तुमचा फेटा बांधलेला, मिश्यांवर हात ठेवलेला लावला आहे. फार रुबाबदार दिसता. पुण्याच्या लोकांनीही कौतुक केलं. तुम्हाला कॉम्प्युटरचं काही विचारणार नाहीत, तुम्ही फक्त ते एक वाक्य बोला आणि मग "हं" म्हणा. मी त्या वेळी वैजनाथाच्या रांगेत तुमच्या नावानं अभिषेकाला उभा असेन.

ता. क. पाकीट बंद करत होतो तोच लखनचा फोन आला, म्हणून पुन्हा उघडलं. आजीला मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. फोटोबिटो तिला काही कळत नाही. ती म्हणते, निरभयाचा आवाज मी ओळखीन, फोनवर गप बसून माझं समदं ऐकून घेनारा तोच, दुसऱ्या कुनापुढं मी बेलभंडारा उचलनार न्हाई. मी तर तिच्याशी धड दोन शब्द बोललो नव्हतो. आता काय करू? तिला नाही म्हणायचं मला जमणार नाही. तेव्हा रविवारच्या शेवटच्या गाडीनं मी येतो आहे. तुम्ही ओसरीत बसा, मी मधल्या खोलीत दाराआड बसतो. वाक्य मीच बोलेन, तुम्ही नुसत्या मिश्या हलवा. अक्काला म्हणावं, मधल्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे ना, तेवढं पाहून ठेव. बाहेरून असली तर मात्र तुम्ही लावू नका.